माझा प्रश्न आणि विशाखा गमरे

विशाखा गमरेला झोप फार छान लागायची. मला तिचा पहिला हेवा वाटला तो या झोपेपायी. बाकीचे हेवे नंतर एकेक करत आले, आणि त्यातले काही अजून गेलेले नाहीत.

आमचं कॉलेज डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूचं. स्टाफरूमच्या खिडकीतून कारखान्यांचा वास येतो म्हणून खिडकी बंद, आणि खिडकी बंद म्हणून उकाडा. अशा खोलीत, इतिहासाच्या सरांचं फोनवर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण चाललेलं असताना, विशाखा टेबलावर हातांची घडी घालून त्यावर डोकं ठेवायची आणि खरोखर झोपायची. आम्ही बाकीचे डोळे मिटून पडतो तसं नव्हे. तिचं तोंड किंचित उघडं पडायचं, कधी हलकंसं घोरायचीही. घंटा झाली की उठायची, डोळे चोळायची आणि झोपण्यापूर्वीचं वाक्य तिथूनच पुढे चालू करायची. "म्हणून मॅडम, ती तिसरी अट लागतच नाही." मग खडू घेऊन वर्गावर. मी गणित विभागाची प्रमुख, आणि पीएचडी केल्यापासून मला धड झोप लागत नाही. डोक्यात प्रश्न असला की झोप उडते, हे खऱ्या गणितीचं लक्षण आहे अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. तिच्या डोक्यात तोच प्रश्न होता आणि ती दुपारी घोरत होती.

ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर आली होती, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचाच पगार आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. राहायला जवळच्या दिवा स्टेशनापाशी, आई आणि ती. मूळ गाव दापोलीकडे कुठेतरी. वडील लवकर गेले, आईने एका दवाखान्यात आयाचं काम करून हिला एमएस्सीपर्यंत नेलं. पहिल्या दिवशी हिच्याबरोबर पर्स, डबा आणि पाण्याचा एक रिकामा कॅन आला. दुपारी निघताना तिने तो स्टाफरूमच्या कूलरखाली लावला आणि भरेपर्यंत शेजारी उभी राहिली. इंग्रजीच्या मॅडमनी भुवया उंचावल्या. विशाखाने त्यांना सरळ सांगितलं, की दिव्याला पाणी आलं तर आलं, आईला प्यायला इथून नेते, चालेल ना. चालणार नाही असं कोण म्हणणार? पुढच्या आठवड्यापासून शिपाईच कॅन भरून ठेवायला लागले. मी त्या कॉलेजात निम्मं आयुष्य घालवलं, पण प्रिन्सिपॉलांकडे विभागासाठी एक जास्तीचं कपाट मागायचं तर मला आदल्या दिवसापासून मनात वाक्यं जुळवावी लागतात. हिला मागण्यात काहीच वाटत नसे, आणि कुणी नाही म्हटलं असतं तरी वाटलं नसतं.

आता माझ्या प्रश्नाबद्दल सांगायला हवं. स्टाफरूममध्ये त्याला 'राणे मॅडमचा प्रश्न' असंच म्हणत. काहीजण आदराने म्हणत, काहीजण 'अजून चालूच आहे का' अशा सुरात. प्रश्न सांगायला सोपा आहे. एक आकार घ्या. त्यातले कुठलेही दोन बिंदू एकमेकांपासून ठरावीक अंतरापेक्षा लांब नसावेत, एवढी एकच अट. सगळ्यात लांबच्या दोन बिंदूंमधलं हे अंतर म्हणजे त्या आकाराचा व्यास. तर तेवढ्याच व्यासात जास्तीत जास्त जागा कोण व्यापतं? सपाट कागदावर वर्तुळ, तीन मितींत भरीव गोळा, हे फार पूर्वीच सिद्ध झालंय. पण मुळात जागाच वाकलेली असेल तर? चेंडूच्या पाठीसारखी, किंवा घोड्याच्या खोगिरासारखी एकीकडे वर आणि एकीकडे खाली वळलेली? माझा प्रबंध त्यावर होता. अशा जागांतही गोळाच जिंकतो हे आमच्या आधीच्यांनी दाखवलं होतं. मी त्यात थोडी भर घातली, मार्गदर्शकांनी पाठ थोपटली, आणि मग उरल्या त्या खरोखर विचित्र जागा, जिथे गोळा जिंकतो की नाही हे आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या माझ्या होत्या. निदान मी तसं धरून चालले होते.

विशाखाने याबद्दल पहिल्यांदा विचारलं ते कॅन्टीनमध्ये, समोसा खाताना. नव्या माणसासाठी माझा एक सापळा ठरलेला असतो. प्रश्न ऐकला की प्रत्येकजण म्हणतो, वर्तुळच मोठं असणार, त्यात काय, एवढ्या व्यासाचा कुठलाही आकार तेवढ्या व्यासाच्या वर्तुळात मावणारच ना. मग मी समभुज त्रिकोण काढून दाखवते. त्याचे कुठलेही दोन बिंदू त्याच्या बाजूपेक्षा लांब नसतात, पण बाजूएवढ्या व्यासाच्या वर्तुळात तो मावत नाही, कसाही फिरवा, टोक बाहेर राहतंच. विद्यार्थी यात अडकतात, सहकारी अडकतात, एकदा बाहेरून व्याख्यानाला आलेले एक पाहुणेही अडकले होते आणि तो दिवस माझा फार चांगला गेला होता. विशाखाने हातातला समोसा बशीत ठेवला. त्याच्याकडे बघितलं, शेजारच्या, साधारण तेवढ्याच रुंद, चटणीच्या वाटीकडे बघितलं. म्हणाली, "पण हा तर वाटीत मावणार नाही, मॅडम. टोकं बाहेर येतील. मग वर्तुळच मोठं हे दाखवायचं कसं?"

अगदी बरोबर, असं मी म्हटलं. म्हणताना मला जराही आनंद झाला नाही. तिने तो समोसा उचलला आणि टोकाकडून खायला सुरुवात केली.

त्यावर मी तिला आरशाची युक्ती सांगितली. आकाराच्या मधून कुठेही एक आरसा उभा आहे असं समजायचं. मग प्रत्येक बिंदूला आरशापलीकडे एक जोडीदार मिळतो. जोडीतले दोघेही आकारात असतील तर हात लावायचा नाही. एकच असेल तर त्याला आरशाच्या ठरलेल्या बाजूला घ्यायचं. असं केल्याने व्यापलेली जागा तेवढीच राहते आणि व्यास वाढत नाही. वेगवेगळे आरसे धरून हेच करत राहिलं, की वेडावाकडा आकार हळूहळू गोळ्याकडे सरकतो. मी हे तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी फळाभर चिन्हं लिहून सांगते. मुलं उतरवून घेतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही.

विशाखाने आठवडाभरात तोच भाग दुसऱ्या तुकडीला घेतला. वर्ग अर्धा रिकामा होता, मुलं मैत्रीप्रमाणे इकडेतिकडे विखुरलेली. तिने श्रुती म्हात्रे नावाच्या मुलीला मधल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, श्रुती हलणार नाही. मग बाकांमधून आरसा कुठून जातो ते हाताने दाखवलं. पलीकडचं तुमच्या जोडीचं बाक रिकामं असेल, तर श्रुती आरशाच्या ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या बाकावर या, आणि तिथेच असाल तर बसून राहा. भरलेलं असेल तर दोघंही जागचे हलू नका. एकदा आडवा आरसा, एकदा उभा, मग तिरके. सुरुवातीला सगळ्यात लांब असलेल्या दोघांमधल्या अंतराएवढी सुतळी कापलेली. दर वेळी सगळ्यात लांब बसलेल्या दोघांमध्ये ती ताणून बघायची, ती कधी कमी पडतेय का. मुलं बाकांवरून उड्या मारत होती. प्रिन्सिपॉल दारात येऊन उभे राहिले आणि काय चाललंय म्हणून विचारलं, तर मागून कुणीतरी ओरडलं, "सर, आम्ही गोल होतोय." तास संपेपर्यंत सगळा वर्ग श्रुतीभोवती गच्च जमला होता आणि सुतळी एकदाही कमी पडली नव्हती.

हे मला कसं कळलं? श्रुतीनेच येऊन सांगितलं. म्हणाली, "मॅडम, तुमच्या थिसिसमधलं ते एकदम इझी आहे ना. गमरे मॅम बोलल्या, तुमचं आहे म्हणून." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इझी! त्या इझीवर मी माझ्या तरुणपणातली चांगली वर्षं घातली होती. घरी गेल्यावर मी नवऱ्याला हे तावातावाने सांगितलं, तर त्याने विचारलं की मग आता सुतळी कॉलेजने द्यायची की तुम्ही न्यायची. त्या दिवशी मी त्याच्याशी जेवतानाही बोलले नाही.

विचित्र जागांबद्दल मी तिला सांगायला नको होतं असं पुढे कितीदा मनात आलं. पण तिने विचारलं, आणि विचारलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या जागांची अडचण अशी, की तिथे आरसाच धरता येत नाही. तिथली वक्रता एका दिशेला एक आणि दुसऱ्या दिशेला वेगळी, त्यामुळे कुठेही भिंत घाला, अलीकडचं पलीकडे जसंच्या तसं पडत नाही. आरसा नाही म्हणजे जोडीदार नाहीत, आणि जोडीदार नाहीत म्हणजे आमची सगळी युक्तीच बंद. मी इथे येऊन थांबले होते. दर उन्हाळ्यात या सुट्टीत बघू म्हणायचं आणि दर जूनला पुन्हा पेपर काढायला बसायचं. विशाखा ऐकत होती. मग शेजारणीकडून छत्री मागावी तसं तिने विचारलं, "घेऊ का मॅडम मी, थोडे दिवस?"

मी म्हटलं, घे की. मला खात्री होती की तिला काही जमणार नाही. ती दोनतीन महिन्यांत थकेल, मग आम्ही दोघी मिळून हा प्रश्न किती अवघड आहे यावर बोलत बसू, आणि मला सोबत होईल. मला सोबत हवी होती, हे खरं आहे. फक्त ती माझ्या मागे उभी असलेली हवी होती.

थकण्याचं तिचं लक्षण दिसेना. ती कागदावर फार लिहीत नसे. डब्यातल्या भाकरीची कड दाबून बघायची, ओढणीचं टोक चिमटीत धरून पिळायची, वर्गावरून येताना कॉरिडॉरमध्ये थांबून हवेत दोन्ही हातांनी काहीतरी फिरवायची. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात. अडलं की बिनदिक्कत येऊन विचारायची, आणि इतकं प्राथमिक विचारायची की मला वाटे, हिचं काही खरं नाही. चारपाच दिवसांनी लक्षात यायचं, की त्या प्राथमिक प्रश्नाचं उत्तर मलाही नीट देता आलं नव्हतं.

मग एक दिवस तिच्या आईने जेवायला बोलावलं. दिव्याला मी पहिल्यांदाच गेले. इमारती एकमेकींना खेटून, जिन्यावर प्रत्येक दारापाशी निळी पिंपं, आणि आमच्या गावच्या घराच्या ओसरीएवढ्या खोलीत सगळं कसं लख्ख ठेवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली विशाखाची प्रमाणपत्रं. आईंनी सुकटीची चटणी केली होती, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं काय ते हरवलेलं म्हणे, मॅडम. हिला गावलं."

विशाखा म्हणाली, "आई, हरवलेलं नव्हतं गं. आणि अजून ते मॅडमचंच आहे."

जेवण झाल्यावर तिने लिहिलेली पानं काढली. आरसा नाही ना, मग तिने आरशाचा नादच सोडला होता. संपूर्ण आकार थोडासा वळवायचा, मूळ आकार आणि वळवलेला आकार यांची ठरावीक रीतीने सरमिसळ करायची, मग दुसऱ्या दिशेने थोडा वळवायचा, पुन्हा सरमिसळ. वळणं इतकी बारीक घ्यायची की व्यास वाढायला वाव राहू नये. असं एका फेरीत सगळ्या दिशांनी करून सुरुवातीला परत आलं, की आकार पहिल्यापेक्षा थोडा जास्त गोल झालेला असतो. हे इतकं सरळ होतं. मी रोज त्याच रस्त्याने जात होते आणि मला ते दिसलं नव्हतं. छान आहे, एवढंही मला म्हणता आलं नाही. घरी नेऊन नीट वाचते, असं म्हणून मी उठले.

आणि नीट वाचलं. इतक्या नीट मी माझा स्वतःचा प्रबंधही वाचला नव्हता. ओळीगणिक मी खोट शोधत होते. असणारच, इतकं सोपं असतं तर कुणाला तरी आधी सुचलं नसतं का? मी तिच्या प्रत्येक 'म्हणून'पाशी थांबले, प्रत्येक चिन्ह पुन्हा मांडलं, भाजी फोडणीला टाकून गॅस बंद करायला विसरले. जवळजवळ सगळा हिवाळा यात गेला. कॉलेजात ती विचारायची, झालं का मॅडम वाचून? मी म्हणायची, चालू आहे. खोट सापडत नव्हती आणि 'बरोबर आहे' हे शब्द तोंडातून निघत नव्हते. शेवटी तिनेच एका ज्येष्ठ प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, फार सुंदर काम आहे म्हणून. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. मीही खाल्ला.

त्याच उन्हाळ्यात आमच्या विभागात कायमची एक जागा भरायची निघाली. मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष, प्रिन्सिपॉल, विभागप्रमुख म्हणून मी आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून नेमके तेच ज्येष्ठ प्राध्यापक. उमेदवारांत पीएचडी झालेला एक मुलगा होता, नीटनेटका, सगळी उत्तरं तयार असलेला. विशाखाची पीएचडी नव्हती, पण तिच्या हातात ते काम होतं आणि तज्ज्ञांच्या डोळ्यांत कौतुक होतं. दिव्याच्या त्या खोलीतून बाहेर पडायचा रस्ता या एका नोकरीतून जात होता, हे मला माहीत होतं, आईंनी मला ते जेवताना सांगितलंही होतं. ती खुर्चीवर बसली. तज्ज्ञ हसून म्हणाले, तुमच्या सिद्धतेबद्दलच बोलू या.

"सर, ती चुकलीय," विशाखा म्हणाली.

अध्यक्षांना वाटलं काहीतरी ऐकण्यात चूक झाली. तज्ज्ञांनी विचारलं, कुठे चुकलीय, कधी कळलं. काल, ती म्हणाली, मेथी निवडताना. मग परवानगीची वाट न बघता ती उठून फळ्यापाशी गेली आणि एक मोठा गोल काढला. म्हणाली, या चेंडूच्या वरच्या टोकापाशी उभं राहा, हातात एक बाण धरा. बाण मुद्दाम न वळवता खाली मध्यापर्यंत या, मध्यावरून बाजूला थोडं चाला, पुन्हा वरच्या टोकाला जा. तुम्ही निघालात तिथेच परत आलात, पण बाण आता वेगळीकडे बघतोय. वाकलेल्या जागेत फेरी मारली की दिशा फिरते. माझ्या सगळ्या वळणांची फेरी पूर्ण झाली की दिशा होती तशीच राहते असं मी धरलेलं. बारीक बारीक फरक आहेत, पण दर फेरीला ते साठत जातात, आणि शेवटी व्यास वाढू शकतो. "सपाट जमिनीवर राहायची सवय, सर," ती म्हणाली. "हात तसेच चालतात."

चेंडूवरच्या फेरीत बाण फिरतो, हे मी दरवर्षी वर्गात संत्र्यावर काडी टोचून दाखवते. माझ्या सगळ्या शिकवण्यातली मुलांना आवडणारी तीच एक गोष्ट. आणि त्याच गोष्टीपाशी तिची खोट होती, मी त्या पानावरून कितीदा गेले होते, आणि माझेही हात सपाट जमिनीवरच चालत राहिले होते.

अध्यक्ष म्हणाले, अहो, आज नसतं सांगितलं तरी चाललं असतं. नंतर दुरुस्त केलं असतंत. विशाखा म्हणाली, पण सरांनी विचारलं ना. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. तिचा चेहरा उजळलेला होता, कारण खोट कुठे आहे हे कळल्यावर तो प्रश्न तिला आधीपेक्षा जास्त आवडायला लागला होता. नोकरी समोर टेबलावर होती आणि ती तज्ज्ञांना बाण कसा फिरतो ते परत एकदा समजावत होती. मला तिचा इतका हेवा आधी कधीच वाटला नव्हता. तिचं बरोबर आलं होतं तेव्हाही नाही. माझ्या हातून एवढी चांगली चूक आयुष्यात झालेली नाही, आणि झाली असती तर मी ती मरेपर्यंत झाकून ठेवली असती.

मी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले. प्रेमाने दिले नाहीत. कमी दिले असते तर मला स्वतःकडे बघता आलं नसतं, म्हणून दिले. त्याने काही फरक पडला नाही. पीएचडी हातात असलेल्या मुलाची निवड झाली. तो मुलगा चांगला आहे, वेळेवर येतो, मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही.

जूनमध्ये विशाखाच्या तासिकाही निघाल्या नाहीत. ती कल्याणला एका क्लासमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायला लागली. निघताना स्टाफरूममध्ये सगळ्यांना वडापाव दिला, इंग्रजीच्या मॅडमच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला. मी तिला म्हटलं, प्रश्न सोडू नकोस. ती म्हणाली, तुम्ही पण नका सोडू. मी सोडलाच होता खरं तर. ती गेल्यावर मी त्या विषयाची पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर टाकली आणि सगळ्यांना सांगायला लागले की आता प्रशासनाचं काम वाढलंय.

त्यानंतर काही वर्षं गेली. अधूनमधून कल्याणचा कुणी विद्यार्थी तिचं नाव काढी, गमरे मॅम सॉलिड शिकवतात म्हणून. मी विषय बदलत असे.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. मॅडम, मी ठाण्याला, तुमच्या वर्तकनगरला आलेय, तुमची बिल्डिंग कुठली? आईंना आमच्या इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं होतं. आई तिथे ड्रॉप घालून बसल्या होत्या आणि हिच्याकडे तासभर वेळ होता. ती आली, स्वयंपाकघरातच बसली, मी करत असलेल्या थालिपिठांतलं एक मागून घेतलं. थोडी जाड झाली होती, केसांत पांढरं दिसत होतं. खाता खाता तिने पिशवीतून पानांचा एक गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला. सगळं नाही जमलं, म्हणाली, पण व्यास फार मोठा नसेल तर गोळाच जिंकतो, आरसा नसलेल्या जागेतही. बाण किती फिरतो ते आता आधीच मोजून घेतलंय.

मी पानांना हात लावला नाही. म्हटलं, त्या तज्ज्ञ सरांना दाखव.

"दाखवलं. फार सुंदर म्हणाले," ती म्हणाली. "मागच्या वेळी पण फार सुंदरच म्हणालेले. तुम्ही नाही म्हणालात. अख्खा हिवाळा तुम्ही त्यात खोट शोधत होतात."

तव्यावरचं थालीपीठ जळायला लागलं होतं. मी ते उलटायचं सोडून तशीच उभी राहिले.

"मला कळत होतं ना, मॅडम. तुम्ही सकाळी स्टाफरूममध्ये आलात की तोंड बघून समजायचं, आज पण नाही सापडली. आधी मला वाईट वाटलेलं. मग वाटलं, राणे मॅडम एवढं शोधतायत म्हणजे असणार कुठेतरी. त्यांना वास आलाय. म्हणून मी पण शोधायला बसले, नाहीतर मी कशाला परत बघितलं असतं? मला तर ते बरोबरच वाटत होतं."

तिने हात धुतले आणि गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात पण शोधा. पण तसंच शोधा हां, मागच्यासारखं. माझ्यावर माया करून वाचू नका."

मला तिला सांगायचं होतं की तो वास वगैरे काही नव्हता, नुसता जळफळाट होता. पण ते तिला माहीत होतं. मी म्हटलं, सापडली तर सोडणार नाही मी. ती म्हणाली, म्हणून तर आले. मग आईंसाठी दोन थालिपिठं बांधून घेऊन ती निघाली.

मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ती खाली फाटकातून बाहेर पडली, डॉक्टरांच्या गल्लीकडे वळली, वाटेत रसवंतीवाल्याला काहीतरी विचारायला थांबली. त्याने हात करून दाखवलं तशी ती झपझप चालायला लागली. वर बघितलं नाही. मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि मला अगदी स्वच्छ कळत होतं, की त्या पानांत खोट निघावी असंच मला अजूनही वाटतंय. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर मी आत आले, चष्मा लावला आणि पहिलं पान पुढ्यात घेतलं.